चाक हाताने फिरवावे

मोटारसायकल कशी धुवावी, हा काही दिवाळी अंकात लिहिण्याजोगा विषय नव्हे, हे मला कळते. फराळ करून, हात पुसून अंक उघडणाऱ्या वाचकाला गोष्ट हवी असते, कविता हवी असते. फार तर एखादे प्रवासवर्णन. घरातली झाडलोट आणि धुणीपुसणी त्याने नुकतीच उरकलेली असतात, आणि त्यात मी पुन्हा बादली आणि फडके घेऊन पुढे उभा! तरीही यंदा मी हाच विषय घेतला आहे. चौदा वर्षे तो माझ्या मनात आहे, आणि मास्तरकीत दिवस काढलेल्या माणसाला जी गोष्ट वर्गात सांगता येत नाही, ती त्याने निदान कागदावर तरी सांगावी.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. खंडेनवमीला इथे घरटी एक तरी गाडी अंगणात उभी राहते. पूर्वी त्या जागी विळा, कुऱ्हाड, कुदळ, पहार अशी हत्यारे ओळीने मांडत. आता ती असतातच, पण त्यांच्या मधोमध मोटारसायकल असते. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदीकुंकवाची बोटे, पुढच्या चाकाखाली लिंबू. शिंपी आपले मशीन पुजतो, सुतार रंधा पुजतो. आणि पूजेआधी हे सारे धुवून पुसून घ्यायचे, ही जबाबदारी बहुधा घरातल्या पोरांवर येते. पोरांना पाणीही आवडते आणि गाडीही आवडते. मोठ्यांना दोन्हींचा कंटाळा असतो. त्यामुळे ही वाटणी आपोआप होऊन जाते, आणि तिच्यात काही गैर आहे असे कुणाला वाटत नाही.

धुणे म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा आमच्या आजोबांनी दाखवले. ते मोटारसायकलवर उभ्या जन्मात बसले नाहीत. त्यांची बैलजोडी होती. आमच्याकडे पोळा नसतो, आषाढात बेंदूर असतो. बेंदराच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवायची, पाठीवर झूल घालायची, वाजतगाजत मिरवायचे, हे सारा गाव बघतो. पण आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, ती कुणी बघायला येत नाही. गोठ्यात कंदील टांगून आजोबा बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकत, मग त्यावर हळद आणि लोणी घालून सावकाश चोळत. वर्षभर जू जिथे घासले, तिथे आधी हात. चोळता चोळता ते बोटांनी चाचपून बघत. कुठे गाठ आहे का, कातडे सोलवटले आहे का. बैलाला दुखले की तो अंग चोरी. आजोबा लगेच हात सैल करीत. मला त्या वेळी एवढेच कळले की धुताना त्यांचे लक्ष मळाकडे कमी आणि बैलाकडे जास्त आहे.

मोटारसायकल अंग चोरत नाही, हीच सारी अडचण आहे. तिला कसेही धुतले तरी ती काही बोलत नाही. बोलते ती सहा महिन्यांनी, मेकॅनिकच्या तोंडून.

म्हणून तिच्या बाबतीत काही पथ्ये आपणच लक्षात ठेवावी लागतात. बाहेरून आल्या आल्या गाडी धुवायला घेऊ नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडले की चर्र असा आवाज येतो; पोरांना त्याची गंमत वाटते, पण तापलेला धातू असा एकाएकी आक्रसला तर त्याला तडा जाण्याची भीती असते, आणि सायलेन्सरला चुकून पोटरी लागली तर कातडीच निघते. गाडी सावलीत लावावी आणि हात टेकता येईल इतकी निवू द्यावी. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि धुऊन झाल्यावर आठवणीने काढावी. आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांनी ती काढली नव्हती. अर्धा तास ते किका मारीत होते, आणि आम्ही सारे आळीपाळीने प्लगला दोष देत होतो.

बादल्या दोन घ्याव्यात, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. मळलेले फडके आधी साध्या पाण्यात खळबळावे, मगच साबणात बुडवावे. टाकीपासून सुरुवात करून खाली यावे आणि चाके शेवटी घ्यावीत. उलट केले की चाकाच्या चिखलातली वाळू टाकीवर फिरते आणि रंगावर बारीक ओरखडे उठतात. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने रंग मरतो. गाडीसाठीचा शाम्पू निराळा मिळतो. नळी लावून पाणी सोडण्याचे कारणच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात हातात नळी धरण्याची मला लाज वाटू लागली, ती अजून गेलेली नाही. दोन बादल्यांत आणि एका कळशीत गाडी स्वच्छ निघते.

वॉशिंग सेंटरमधल्या जोराच्या फवाऱ्याबद्दलही माझे मत चांगले नाही. चाकाच्या मध्यात बेअरिंग असते, त्यात ग्रीस भरलेले असते, आणि ते ग्रीस आत राहावे म्हणून रबराचे सील बसवलेले असते. फवारा जवळून तिथेच रोखला तर पाणी सीलच्या कडेने आत शिरते. बाहेरून चाक आरशासारखे दिसते आणि आतून गंजायला लागते. हँडलच्या मानेतही तेच, विजेच्या जोडण्यांतही तेच. आणि चकाकीसाठी टायरला पॉलिश फासणारांची मला खरोखर भीती वाटते. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्याला ते लागले तर पहिल्याच वळणावर गाडी घसरते. ब्रेकच्या चकतीला तेलाचे बोटही लागू देऊ नये. धुतल्यावर ब्रेक ओले असतात. पहिले शंभर पावलांचे अंतर सावकाश, ब्रेक हलके दाबत जावे आणि ते धरतात ना, याची खात्री करून घ्यावी.

आता चेन. माझ्या आजोबांनी मोटारसायकलचा खांदा कुठे म्हणून विचारले असते, तर मी चेनकडे बोट दाखवले असते. इंजिनाची सारी ओढ तिच्यावरून मागच्या चाकाला पोचते. धूळ, चिखल, जुने काळे झालेले तेल, सारे तिथे जमते. मिरवणुकीत कुणाला ती दिसत नाही. ती साफ करायला पुष्कळजण पेट्रोल वापरतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, आणि शून्याखाली ४० अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघते. खंडेनवमीच्या दिवशी अंगणात निरांजन असते, उदबत्ती असते. त्यापेक्षा रॉकेल बरे. ते साधारण ३८ अंशांपर्यंत तापल्याखेरीज त्याची वाफ पेटण्याजोगी होत नाही. पण उन्हाळा आपला असा, की तेही दिव्यापासून लांबच ठेवावे. जुन्या दात घासायच्या ब्रशाने चेन घासावी, कोरड्या फडक्याने पुसावी, आणि मग खालच्या बाजूला, आतल्या अंगाने, नव्वद नंबरचे ऑईल थेंब थेंब सोडावे.

पण चेन लांब असते. समोरचा भाग पुसून झाला की पुढचा भाग समोर आणावा लागतो. तो कसा आणायचा, एवढाच काय तो प्रश्न.

२०११ सालची खंडेनवमी. मी तेव्हा तिशीत नुकताच आलो होतो. कर्ज काढून दीडशे सीसीची नवी गाडी घेतली होती. जुन्या साध्या गाड्यांची चेन पत्र्याच्या पेटीत पूर्ण झाकलेली असे. या नव्या गाडीची चेन खालून उघडी होती. वजनासाठी असेल किंवा रुबाबासाठी असेल, मला तर तिचा रुबाबच आवडला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकण्याची सक्ती आहे. पदराचा आणि ओढणीचा विचार कुणीतरी केलेला आहे. गाडी पुसणाऱ्या हाताचा विचार ज्याचा त्याने करायचा.

शेजारचा मुलगा सकाळीच आला. नववीत होता, माझ्याच वर्गात. "गुरुजी, मी धुतो गाडी," म्हणाला. मी म्हणालो, "धू. पण लवकर आटप. साडेदहाच्या आत पूजा व्हायला पाहिजे." साडेदहाचा मुहूर्त कुणी काढलेला नव्हता. सासुरवाडीची मंडळी जेवायला यायची होती, आणि त्यांच्यादेखत नवी गाडी हार घालून उभी असावी, एवढाच त्या मुहूर्ताचा अर्थ.

तो अंगणात गाडी धूत होता. मी ओसरीवर बसून झेंडूची माळ ओवीत होतो. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडी डबल स्टँडवर उभी केली की मागचे चाक जमिनीपासून सुटते. मग इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला की चाक हवेत फिरत राहते आणि चेन आपली आपण समोरून सरकत जाते. फडके नुसते तिला लावून धरायचे. दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत होते. गॅरेजात हे रोज चालते. इंजिन नुसते घुरघुरत असले तर चेन सेकंदाला अदमासे फूटभर पुढे जाते. पाहणाऱ्याला ती गती सावकाश वाटते. पण हात मागे घ्यावा हे लक्षात येऊन तो प्रत्यक्ष मागे यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो, आणि तेवढ्यात चेन तीन इंच पुढे गेलेली असते. फडक्याचा एक धागा चेनीत अडकला की ती फडके ओढते, आणि फडक्यामागे बोट असते. पुढे मेकॅनिक ज्याला स्पॉकेट म्हणतो ते दातेरी चक्र.

मी तो आवाज ऐकला. नुसती सुरू असलेली गाडी आणि गिअरमध्ये असलेली गाडी यांच्या आवाजांत फरक असतो. तो मला कळला. उठावे असे मनात आले. हातात अर्धी माळ होती, पाच-सहा फुले राहिली होती. तेवढी ओवून उठू, असे मी मनाशी म्हणालो.

त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे वरचे पेर गेले. तो ओरडलासुद्धा नाही. डाव्या हाताने त्याने गाडी बंद केली आणि मग तो खाली बसला.

पुढचे सारे व्हायचे तसे झाले. इस्पितळ, टाके, पंधरवडाभर पट्ट्या. खर्च मी केला. त्याचे वडील मलाच समजावीत होते, "पोरगं धांदरट आहे गुरुजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आई काही बोलली नाही. गावात माझे नाव मात्र झाले. शेजाऱ्याच्या पोरासाठी मास्तरांनी पदरचे पैसे घातले, असे लोक एकमेकांना सांगू लागले. "तुम्ही कुठे होता हो तेव्हा?" असे कुणी विचारले की मी "पूजेची तयारी करीत होतो" असे म्हणत असे. ते खोटे नव्हते. आवाज ऐकलात का, असे कुणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

गणिताचे पेपर तपासताना आम्हां मास्तरांना एक अनुभव नेहमी येतो. पोराची रीत साफ चुकलेली असते आणि उत्तर बरोबर आलेले असते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, किंवा शेजारच्याचे बघितलेले असते. पोरगा भांडायला येतो, "गुरुजी, उत्तर तर बरोबर आहे!" आम्ही म्हणतो, "रीत कुठाय?" आणि मार्क कापतो. हे मी वर्षानुवर्षे करीत आलो आहे. मग एका रात्री मला आठवले, की २०१० च्या खंडेनवमीला मी स्वतः त्याच अंगणात चेन साफ केली होती. इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून. उत्तर बरोबर आले होते. माझी दहाही बोटे शाबूत होती. आणि तो मुलगा शेजारी उभा राहून, हातात रॉकेलची वाटी धरून, ते बघत होता.

दोन्ही वर्षी रीत एकच. एका वर्षी गाडी चमकली, दुसऱ्या वर्षी एक पेर गेले. मग माझा दोष कोणत्या वर्षीचा? लोक निकालाकडे बघून दोष ठरवतात. त्यांचेही बरोबर असेल, कारण त्यांना निकालच तेवढा दिसतो. पण २०१० साली मी निर्दोष होतो असे मला म्हणता येत नाही. मी नुसता सुटलो होतो. आणि सुटलो म्हणून बेफिकीर झालो होतो. माझ्यासारखे असे सुटलेले किती लोक रोज निर्धास्तपणे चेनीला फडके लावीत असतील, याचा विचार केला म्हणजे जिवाचा थरकाप होतो.

हे सारे मी एकदा आमच्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना बोलून दाखवले. आवाजाची गोष्ट वगळून, अर्थात. ते म्हणाले, "अहो, असा हिशेब मांडत बसलात तर जगायचे कसे? पोरगा चौदा वर्षांचा होता, त्याला अक्कल नको? गॅरेजवाल्यांनी पायंडा पाडला, गाडी बनवणाऱ्याने चेन उघडी ठेवली, बापाने नीट शिकवले नाही. सगळे तुम्हीच कशाला घेता अंगावर?" त्यांचे म्हणणे मी पुष्कळ दिवस घोळवले. त्यात एक गोष्ट खरी होती. सगळा दोष आपल्याकडे ओढून घेणे हाही एक प्रकारचा डौलच असतो. रात्री जागून हळहळणारा मास्तर स्वतःला जरा थोर वाटू लागतो, हे मी अनुभवले आहे. तेव्हा सगळे मी घेत नाही. चेनीचे मी घेत नाही, गॅरेजचे घेत नाही. पाच-सहा फुले ओवायला जेवढा वेळ लागला, तेवढे माझे आहे. ते मात्र दुसऱ्या कुणाच्या नावावर लावता येत नाही. मी तसा प्रयत्न करून पाहिला आहे.

एक गोष्ट आणखी. खंडेनवमीला हत्यार चालवायचे नसते. आजोबा त्या दिवशी विळीसुद्धा धुऊन भिंतीशी टेकवून ठेवीत. आजी आदल्या रात्रीच भाजी चिरून ठेवी. बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसेच हे. मला लहानपणी ती एक रूढी वाटे. पण नीट बघितले तर साऱ्या खबरदारीचे मूळ त्यात आहे: यंत्र थांबलेले असावे, तेव्हाच त्याच्यावर हात फिरवावा. मी गाडीला हार घालून तो दिवस पाळीत होतो, आणि त्याच दिवशी, त्याच पूजेसाठी, गाडी चालू होती.

तो मुलगा मोठा झाला. सांगलीत नोकरीला आहे, लग्न झाले, तीन-चार वर्षांची मुलगी आहे. दसऱ्याला गावी येतो, तेव्हा सोने द्यायला आमच्याकडे हमखास येतो. लिहिताना पेन तो मधल्या बोटाने आणि अंगठ्याने धरतो. त्याचे अक्षर पूर्वीपेक्षा चांगले आहे. गेल्या वर्षी, सौ. चहा करायला आत गेल्या तेव्हा, मी त्याला सांगून टाकले. म्हणालो, "त्या दिवशी मी आवाज ऐकला होता. गाडी गिअरमध्ये आहे हेही मला कळलं होतं. मी उठलो नाही."

तो जरा हसला. रागाने नव्हे, चेष्टेनेही नव्हे. म्हणाला, "ते मला ठाऊक आहे गुरुजी. अंगणातनं तुम्ही दिसत होता की. मी एकदा वर बघितलंसुद्धा. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, बरोबर चाललंय."

चहा आला. आम्ही तो घेतला.

यंदा खंडेनवमीला तो सकाळीच आला, मुलीला घेऊन. गाडी तीच आहे, आता जुनी झाली. धुवायला घेण्याआधी मी किल्ली काढून देवघरातल्या ताम्हनात ठेवून आलो. हे मी २०१२ पासून करतो. किल्ली देवापुढे आणि गाडी अंगणात. मग गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल आहे ना हे बघितले, आणि बादल्या भरल्या. टाकी त्याने पुसली, चाके मी घासली. चेनीच्या वेळी तो ब्रश घेऊन बसला आणि चाक फिरवायला मी. हाताने, सावकाश, चार बोटे फिरवायचे की थांबायचे. तो घासून झाला की मान हलवी, मग पुन्हा चार बोटे. वेळ लागला. अकरा वाजून गेले.

मुलगी जवळ येऊन उकिडवी बसली. तिलाही फिरवायचे होते. तिने हात पुढे केला तो नेमका चकाकणाऱ्या स्पॉकेटकडे. मी आणि तो एकदमच "अं हं!" म्हणालो. तिच्या बापाने ब्रश खाली ठेवला, तिचा हात धरला आणि बाहेरच्या बाजूला, टायरवर ठेवला. "इथनं धरायचं," तो म्हणाला. तिने दोन्ही हातांनी टायर ओढले. चाक थोडेसे फिरले. तिने वर बघितले.

"बरोबर," मी म्हणालो.